अँड्र्यू जॉन्सनने १८६६ चं सिव्हिल राइट्स बिल नेमकं का अडवलं?

पाऊसवेडी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न विचारतेय. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' काढलं तेव्हा ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जे सोसलं त्याबद्दलचा आदर म्हणून. ती अर्पणपत्रिका वाचली आणि वाटलं की सुटका झाल्यावर त्या चाळीसेक लाख माणसांचं पुढे काय झालं हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलंच नाही, लिंकन येतो, गुलामी संपते आणि धडाही संपतो. म्हणून सध्या १८६५ नंतरचा काळ वाचतेय, तिकडे त्याला रिकन्स्ट्रक्शन म्हणतात.

तर वाचता वाचता लिंकननंतर आलेल्या अँड्र्यू जॉन्सनपाशी अडकलेय. हा माणूस अतिशय गरीब घरातला, तीन वर्षांचा असताना वडील गेले, लहानपणीच शिंप्याकडे उमेदवारीला ठेवला, शाळेचं तोंड पाहिलं नाही, लिहायला बायकोने शिकवलं. त्याचं टेनेसी राज्य दक्षिणेतल्या इतर राज्यांसारखं गुलामीवरून देशातून फुटून निघालं तेव्हा फुटलेल्या राज्यांमधला हा एकच सिनेटर असा की जो जागेवर राहिला, देश फोडणार नाही म्हणाला. दक्षिणेतल्या बड्या मळेवाल्यांचा त्याला मनापासून राग होता. आणि असा माणूस मार्च १८६६ मध्ये एका अशा कायद्याला व्हेटो करतो ज्यात मताचा हक्कसुद्धा नव्हता, फक्त करार करणं, जमीन घेणं, कोर्टात साक्ष देणं इतकंच होतं.

का? निव्वळ वर्णद्वेष, की घटनेचा खरा आक्षेप, की पुढच्या निवडणुकीचं गणित? त्याचा व्हेटोचा संदेश मी वाचला आणि काही ठिकाणी तो इतका समंजस वाटतो की माझा गोंधळ जास्तच वाढला. जाणकारांनी सांगा प्लीज.

जुनी_वही:

पाऊसवेडीताई, प्रश्न फार चांगला विचारलात, आणि मळेवाल्यांवरचा राग हा जो तुम्ही धागा पकडलाय ना तिथूनच उत्तर मिळतं असं मला वाटतं.

जॉन्सनला राग होता तो मळेवाल्यांच्या सत्तेचा, गुलामीचा नाही. त्याच्या स्वतःच्या घरी गुलाम होते. त्याच्या डोक्यातलं चित्र असं होतं की दक्षिणेत गरीब गोरा माणूस तळाशी दाबला गेलाय आणि त्याला दाबणारे दोघं आहेत, एक मळेवाला आणि दुसरा त्या मळेवाल्याचा गुलाम. हे मी तर्काने सांगत नाहीये, ७ फेब्रुवारी १८६६ ला फ्रेडरिक डग्लस आणि जॉर्ज डाउनिंग वगैरे कृष्णवर्णीय नेते व्हाइट हाऊसमध्ये त्याला भेटायला गेले तेव्हा तो स्वतः साधारण हेच बोलला. मताचा हक्क दिला तर दोन वंशांमध्ये युद्ध पेटेल म्हणाला, आणि वर सुचवलं की तुमच्या लोकांनी दक्षिण सोडून दुसरीकडे जाणंच बरं. डग्लस मंडळींना तिथे नीट बोलूच दिलं नाही, म्हणून त्यांनी बाहेर येऊन वर्तमानपत्रात उत्तर छापलं. त्यात डग्लसचं म्हणणं होतं की गरीब गोरा आणि गुलाम यांच्यात वैर होतं हे खरं, पण ते मालकांनी मुद्दाम लावलेलं होतं, दोघांना एकमेकांत झुंजवून दोघांवर राज्य करण्यासाठी. मला विचाराल तर त्या सगळ्या काळावरचं इतकं नेमकं बोलणं दुसरं नाही. एकाच दुखण्याचं निदान दोघं करतायत, आणि जॉन्सनला ते शेवटपर्यंत दिसलं नाही किंवा त्याने बघायचं नाकारलं.

आता बिल आलं कुठून ते बघा, कारण त्याशिवाय व्हेटो कळत नाही. १८६५ च्या एप्रिलमध्ये लिंकन गेला, काँग्रेसचं अधिवेशन डिसेंबरपर्यंत नव्हतं, म्हणजे सात-आठ महिने जॉन्सनला रान मोकळं. २९ मे ला त्याने माफीचा जाहीरनामा काढला. २०,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असलेल्यांनी स्वतः अर्ज करायचा अशी अट घातली, लोकांना वाटलं आता हा मळेवाल्यांना वठणीवर आणणार, पण उन्हाळा संपता संपता माफ्यांचा नुसता पाऊस पडला, हजारोंनी दिल्या. दक्षिणेतल्या राज्यांनी निवडणुका घेतल्या, त्यात मतदार फक्त गोरे, आणि त्या विधानसभांनी पहिलं काम काय केलं तर ब्लॅक कोड पास केले.

मिसिसिपीचे ते कायदे एकदा वाचाच. कृष्णवर्णीय माणसाला शहराबाहेर जमीन भाड्याने घेता येणार नाही. दर जानेवारीत कामावर असल्याचा लेखी पुरावा दाखवायचा. करार संपायच्या आत काम सोडलं तर तोवरची मजुरी बुडाली, शिवाय कोणीही त्याला पकडून मालकाकडे परत नेऊ शकतो आणि नेणाऱ्याला ५ डॉलर आणि मैलामागे १० सेंट मिळणार. आईबाप पोसू शकत नाहीत असं ठरवून पोरं उमेदवारीला लावायची आणि त्यात पहिला हक्क कोणाचा तर जुन्या मालकाचा!! साउथ कॅरोलायनात शेतमजुरी आणि घरकाम सोडून दुसरा धंदा करायचा तर वेगळं लायसन, १० पासून १०० डॉलरपर्यंत. गुलामी रद्द करणारी तेरावी दुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये मंजूर झाली आणि त्याच हिवाळ्यात हे चालू होतं.

ह्याला उत्तर म्हणून इलिनॉयचा सिनेटर लायमन ट्रंबल ५ जानेवारी १८६६ ला दोन बिलं घेऊन आला, एक फ्रीडमेन्स ब्युरोची (सुटलेल्या गुलामांना मदत करणारं केंद्राचं खातं) मुदत वाढवणारं आणि दुसरं सिव्हिल राइट्सचं. ट्रंबल काही जहाल गटातला नव्हता, मवाळच, आणि राष्ट्राध्यक्ष सही करतील असाच त्याचा अंदाज होता. सिनेटमध्ये ३३ विरुद्ध १२, हाऊसमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, १११ विरुद्ध ३८ अशा मतांनी बिल पास झालं. आणि २७ मार्चला व्हेटो. ब्युरोचं बिल त्याने महिनाभर आधीच, १९ फेब्रुवारीला परत पाठवलं होतं, व्हेटो उलटवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, ते मात्र सिनेटमध्ये दोन मतं कमी पडल्यामुळे पडलं.

संदेशातला "समंजस" भाग म्हणजे राज्यांचे हक्क, केंद्राच्या हाती सगळं जाण्याची भीती, ३६ पैकी ११ राज्यांना काँग्रेसमध्ये जागा नसताना इतका मोठा कायदा कसा करता वगैरे. पण त्याच संदेशात तो म्हणतो की परदेशातून आलेल्या लायक गोऱ्या माणसाला नागरिक व्हायला पाच वर्षं थांबावं लागतं आणि काल गुलाम असलेल्याला तुम्ही लगेच नागरिक करताय. ज्यांच्या चार-चार पिढ्या त्याच मातीत राबल्या त्यांना तो बाहेरून आलेले धरतोय हे लक्षात घ्या. आणि पुढे तर सरळ लिहितो की ह्या बिलाने रंगाचा भेद काळ्यांच्या बाजूने आणि गोऱ्यांच्या विरोधात लागू होतो. बिलात शब्द काय होते, तर गोऱ्या नागरिकांना जे हक्क आहेत तेच सगळ्यांना. ह्याला तो पक्षपात म्हणतो. माझ्या मते व्हेटोचं मूळ ह्या एका वाक्यात आहे, बाकी युक्तिवाद त्याच्याभोवती रचलेले.

फौजदारी_दिवाणी:

जुनी_वही, प्रतिसाद आवडला पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. मी वकिली करतो त्यामुळे ही बाजू मांडणं गरजेचं वाटतं.

घटनेचा आक्षेप पोकळ नव्हता. तेव्हाची स्थिती बघा, १८५७ चा ड्रेड स्कॉटचा निकाल उभा होता की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. बिल ऑफ राइट्स, म्हणजे घटनेतली मूलभूत हक्कांची यादी, राज्यांना लागू नाही हे सुप्रीम कोर्टाने १८३३ मध्येच सांगून ठेवलेलं. करार, मालमत्ता, साक्षीपुरावा हे सगळे विषय तोवर राज्यांचे. अशा वेळी काँग्रेस साध्या कायद्याने हे सगळं बदलू शकते का हा प्रश्न कोणत्याही प्रामाणिक वकिलाला पडला असता. आणि पडला होता. ओहायोचा जॉन बिंगहॅम, गुलामीचा कट्टर विरोधक, लिंकनच्याच रिपब्लिकन पक्षाचा, त्याने ह्या बिलाच्या विरोधात मत दिलं. त्याचं म्हणणं हेच की हेतू शंभर टक्के मान्य पण आधी घटना बदला मग कायदा करा. ट्रंबल वगैरे तेराव्या दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाचा (दुरुस्ती अमलात आणायला काँग्रेसने कायदे करावेत असं सांगणारं) आधार घेत होते, तो आधार पुरेसा आहे की नाही ह्यावर तेव्हाही दुमत होतं.

११ राज्यांचा मुद्दाही असाच. ज्यांना सभागृहात बसूच दिलं नाही त्यांच्यावर कायदा लादायचा का हा प्रश्न लोकशाहीत छोटा नाही. जॉन्सनचं मन कसं होतं ह्यावर वाद नाही, पण माणूस द्वेष्टा होता म्हणून त्याचा प्रत्येक युक्तिवाद ढोंग ठरत नाही.

टेकडीवरचा:

वकीलसाहेब, बिंगहॅमचं नाव तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण जॉन्सनला तपासायची सगळ्यात चांगली कसोटी तोच आहे.

बिंगहॅम नाही म्हणाला आणि कामाला लागला. नागरिकत्व आणि कायद्यापुढे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीचं पहिलं कलम, नागरिकत्वाचं वाक्य सोडलं तर, मुख्यतः त्याच्याच हातचं. जून १८६६ मध्ये काँग्रेसने ती दुरुस्ती राज्यांकडे पाठवली. आता जॉन्सनचा आक्षेप खरोखर घटनेचा असता तर त्याला आनंद व्हायला हवा होता की नाही? जे तुम्ही म्हणताय तेच झालं, आधी घटना बदलायला घेतली. त्याने काय केलं, तर दुरुस्तीलाच विरोध. दक्षिणेतल्या राज्यांनी ती मान्य करू नये असं त्याचं मत सगळ्यांना माहीत होतं, १८६७ च्या जानेवारीत अलाबामात फेरविचाराची चर्चा सुरू झाली तर त्याने तार करून विचारलं की फेरविचाराने काय भलं होणार आहे. त्याच्या स्वतःच्या टेनेसीने त्याचं न ऐकता दुरुस्ती मंजूर केली, बाकी दहा राज्यांनी फेटाळली.

दुसरी कसोटी, वॉशिंग्टन शहर. ते कुठल्याच राज्यात येत नाही, घटनेनेच ते काँग्रेसच्या ताब्यात दिलंय. तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांना मत देणारं बिल आलं, राज्यांच्या हक्कांचा काडीचा संबंध नाही, तरी व्हेटो. जानेवारी १८६७ मध्ये काँग्रेसने तोही उलटवला.

आणि ११ राज्यांचं म्हणाल तर त्या राज्यांच्या वतीने बोलणार कोण होतं? साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपीत निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय, त्यातल्या एकालाही मत नाही. जॉर्जियाने सिनेटसाठी निवडून पाठवला अलेक्झांडर स्टीफन्स, म्हणजे फुटीर सरकारचा उपाध्यक्ष, युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. हे प्रतिनिधी बसले असते तर ब्लॅक कोडवाल्यांनाच ब्लॅक कोडचा न्याय करायला बसवल्यासारखं झालं असतं. राज्याला प्रतिनिधी नाही ह्याचं त्याला इतकं वाईट वाटत होतं आणि त्याच राज्यातल्या अर्ध्या माणसांना प्रतिनिधी नाही ह्याचं काहीच वाटत नव्हतं, तर मग तो मुद्दा लोकशाहीचा कसा म्हणायचा?

डिसेंबर १८६७ च्या वार्षिक संदेशात तर त्याने काँग्रेसला लेखी कळवलं की राज्य चालवायची कुवत इतर कुठल्याही वंशापेक्षा ह्या लोकांनी कमी दाखवलीय. सरकारी दस्तऐवज आहे हा, खाजगी पत्र नाही.

पाऊसवेडी:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं तपशीलात कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. बिंगहॅमची गोष्ट मला माहीतच नव्हती आणि त्याने बरंच स्पष्ट झालं.

अजून एक, व्हेटो उलटवला हे वाचलं पण कसा ते कुठे नीट मिळालं नाही, ब्युरोचं बिल तर दोन मतांनी पडलं होतं ना मग महिन्या-दीड महिन्यात सिनेट फिरली कशी? आणि कायदा झाल्यावर प्रत्यक्ष लोकांना काही फरक पडला का?

जुनी_वही:

सिनेट फिरली त्याला जॉन्सनच बराच कारणीभूत. ब्युरोचा व्हेटो टिकल्यावर २२ फेब्रुवारीला, जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीला, व्हाइट हाऊसबाहेर जमाव जमला आणि त्याने भाषण ठोकलं, त्यात थॅडियस स्टीव्हन्स, चार्ल्स समनर, वेंडेल फिलिप्स ह्या गुलामीच्या कट्टर विरोधकांची नावं घेऊन हे बंडखोरांइतकेच देशाचे शत्रू असं जाहीर सांगून टाकलं. जे मवाळ रिपब्लिकन तोवर त्याच्याशी जमवून घेऊ बघत होते त्यांचा धीर सुटायला लागला आणि त्यावर हा दुसरा व्हेटो आला. न्यू यॉर्कचा मॉर्गन ब्युरोच्या वेळी त्याच्या बाजूने होता तो आता विरोधात गेला. शिवाय २७ मार्चलाच, म्हणजे व्हेटोच्याच दिवशी, न्यू जर्सीच्या स्टॉकटन नावाच्या डेमोक्रॅट सिनेटरची निवड सिनेटने रद्द केली, निवडीच्या पद्धतीवरून वाद होता पण त्या एका मताचं महत्त्व सगळ्यांना कळत होतं. ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही, रिपब्लिकनांनी गणित जुळवलं. ६ एप्रिलला सिनेटमध्ये ३३ विरुद्ध १५, दोन तृतीयांशला ३२ लागत होती. ९ एप्रिलला हाऊसमध्ये १२२ विरुद्ध ४१. इतका महत्त्वाचा कायदा राष्ट्राध्यक्षाच्या व्हेटोवर मात करून होण्याची अमेरिकेत ती पहिलीच वेळ.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. कायद्यात दंड होता १,००० डॉलरपर्यंत आणि कैद एक वर्षापर्यंत, केंद्राच्या कोर्टात खटला, केंद्राचे मार्शल, वकील, वेळ पडली तर सैन्य. ह्यातली बरीचशी यंत्रणा १८५० च्या पळालेले गुलाम पकडून देणाऱ्या कायद्यातून उचललेली, ट्रंबलने हे उघड सांगितलं होतं की जी ताकद माणसाला गुलामीत परत ढकलायला वापरली तीच आता त्याच्या स्वातंत्र्यासाठी वापरू. वाचताना अंगावर काटा येतो खरंच. पण ती यंत्रणा हलवायची कोणी? राष्ट्राध्यक्षाने. म्हणजे ज्याने व्हेटो केला त्याच्याच हाताखालच्या लोकांनी.

कायदा होऊन महिना झाला नाही तोच १ मे पासून मेम्फिसमध्ये तीन दिवस गोऱ्या जमावाने, त्यात पोलीस सुद्धा, कृष्णवर्णीय वस्ती जाळली, ४६ कृष्णवर्णीय माणसं मारली, शाळा आणि चर्च पेटवले, आणि एकालाही शिक्षा झाली नाही. ३० जुलैला न्यू ऑर्लीन्समध्ये मताच्या हक्कासाठी सभा भरली होती तिथे परत तेच. जॉन्सनने दोष दिला तो सभा भरवणाऱ्यांना आणि काँग्रेसमधल्या जहाल गटाला.

आणि जमीन!! ह्यावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने हुकूम काढून साउथ कॅरोलायना ते फ्लोरिडा किनाऱ्याची जमीन सुटलेल्या गुलामांना दिली होती, कुटुंबाला जास्तीत जास्त ४० एकर. माणसं तिथे राहायला लागली, पेरणी झाली, पिकं निघाली. जॉन्सनने मळेवाल्यांना माफीबरोबर जमिनीही परत दिल्या. ऑक्टोबरमध्ये ब्युरोचा प्रमुख जनरल हॉवर्ड एडिस्टो बेटावर चर्चमध्ये लोकांना हे सांगायला गेला, त्याला स्वतःला हे पटलेलं नव्हतं पण हुकूम होता. त्या लोकांनी जॉन्सनला अर्ज लिहिला की आम्ही देशाशी इमानी राहिलो, ज्यांनी बंड केलं त्यांना जमीन आणि आम्हाला नाही हे कसं. करार करायचा हक्क कायद्याने आला तोवर ज्याच्याशी करार करायचा तो जुना मालक परत जमिनीचा धनी होऊन बसला होता. मला व्हेटोपेक्षाही हे जास्त भयंकर वाटतं, कारण व्हेटो उलटवता आला, ही जमीन परत मिळाली नाही.

अटलांटाकर:

छान धागा. एक गोष्ट इथे राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहावीशी वाटते. जॉन्सनने ज्या वाक्यावर सगळ्यात आधी हरकत घेतली ते कायद्याचं पहिलंच वाक्य, अमेरिकेत जन्मलेला तो नागरिक (परक्या सत्तेच्या अधीन असलेले आणि कर न भरणारे मूळनिवासी सोडून). संदेशात त्याने यादीच दिलीय की ह्याने पॅसिफिक किनाऱ्यावरचे चिनी येतील, जिप्सी येतील. हेच तत्त्व पुढे चौदाव्या दुरुस्तीत गेलं आणि १८९८ मध्ये वाँग किम आर्कच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने चिनी आईबापांच्या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या मुलाला नागरिक ठरवलं. इथे व्हिसावर आलेल्या कितीतरी मराठी घरांतली पोरं ह्याच तत्त्वाने नागरिक आहेत, आणि ही लढाई कोणासाठी आणि कोणी लढली हे मंडळाच्या कार्यक्रमात कधी बोललं जात नाही ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या ओळखीतले लोक इथल्या कृष्णवर्णीयांबद्दल जे बोलतात ते ऐकून तर जास्तच.

चवदार_तळं:

अटलांटाकर +१. अवांतर होईल पण संबंध थेट आहे म्हणून लिहिते. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे घटना समितीसाठी जे निवेदन केलं, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज', त्यात विषम वागणुकीविरुद्धच्या कलमासाठी त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या ह्याच कायद्यांचा आधार घेतलाय आणि तसं नोंदवलंय. म्हणजे जॉन्सनने ज्याला व्हेटो केला तो कायदा ऐंशी वर्षांनी आपल्याकडे अस्पृश्यांच्या हक्कांचा मसुदा करताना कामाला आला. आणि बाबासाहेबांनी अमेरिकेतून नुसता शब्द उचलला नाही, तिथला अनुभवही घेतला, म्हणून तर त्याच निवेदनात सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणं, वेगळ्या वसाहती, शेतजमीन सरकारी मालकीची करणं हे सगळं आहे. जुनी_वही यांनी एडिस्टोच्या जमिनीचं लिहिलंय ते वाचताना मला सारखं तेच आठवत होतं, कागदावर हक्क आणि गावात जमीन पाटलाची.

पाऊसवेडी:

चवदार_तळं, हे माहीत नव्हतं, आजच शोधून वाचते. शेवटचा प्रश्न, मग त्याच्यावर महाभियोग चालला तो ह्याच सगळ्यावरून का?

फौजदारी_दिवाणी:

नाही, आणि ह्याची मला खंत वाटते. फेब्रुवारी १८६८ मध्ये हाऊसने १२६ विरुद्ध ४७ ने महाभियोग मंजूर केला, मग मार्चच्या सुरुवातीला ११ कलमं ठरवली, त्यातली बहुतेक युद्धमंत्री स्टँटनला काढण्याभोवतीची, म्हणजे सिनेटला न विचारता अधिकारी काढू नये असा जो कायदा आदल्या वर्षी केला होता त्याचा भंग. ब्लॅक कोडना दिलेली मोकळीक, माफ्या, जमिनी, मेम्फिस, ह्यातलं एकही कलम नाही. सिद्ध करायला सोपं ते घेतलं, वकील म्हणून मला ते समजतं, पण खरी तक्रार आरोपपत्रावर कधी आलीच नाही. १६ मे ला सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९, एक मत कमी, सुटला.

टेकडीवरचा यांची वॉशिंग्टन शहराची कसोटी मला पटली, तिथे राज्यांच्या हक्कांचा युक्तिवाद टिकत नाही हे मान्य. बिलाच्या पायाबद्दलची माझी शंका मात्र तेव्हाच्या काँग्रेसलाही होती असं दिसतं, कारण चौदावी दुरुस्ती जुलै १८६८ मध्ये मंजूर झाल्यावर १८७० मध्ये त्यांनी १८६६ चा हा कायदा परत एकदा पास करून घेतला, म्हणजे पाया कच्चा म्हणून कोणी तो पाडू नये. आजही तो लागू आहे, १९६८ मध्ये सेंट लुइसजवळ एका कृष्णवर्णीय माणसाला घर विकायला बिल्डरने नकार दिला तेव्हा सुप्रीम कोर्टाने ह्याच कायद्याखाली त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि आधार घेतला तो तेराव्या दुरुस्तीचा, जो ट्रंबल १८६६ मध्ये सांगत होता.